हिक्किमचं पोस्ट त्याच खोलीत राहू द्या

प्रति,
मा. मुख्य पोस्टमास्तर जनरल,
हिमाचल प्रदेश परिमंडल, शिमला

प्रत माहितीसाठी: मा. सचिव, डाक विभाग, डाक भवन, नवी दिल्ली

विषय: स्पिती आणि इतर सीमाभागांतील शाखा डाकघरांच्या जुन्या खोल्या

महोदय,

स. न. वि. वि.

या पत्राची हिंदी प्रत आपल्याला स्पीड पोस्टानं वेगळी पाठवली आहे. जुन्या सवयीनं रजिस्टर करायला गेले होते. पण १ सप्टेंबर २०२५पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, हे खिडकीवरच्या मुलीनं मला समजुतीनं सांगितलं. मराठी प्रत इथे खुली ठेवते आहे, कारण हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातल्या हिक्किम गावच्या पोस्टाच्या ज्या खोलीबद्दल मी लिहिते आहे तिच्या दारात मे ते सप्टेंबर जी रांग लागते, तिच्यात ठाणे-पुणे-नाशिकची माणसं कमी नसतात. त्यांनीही हे वाचावं.

आधी माझी ओळख सांगते. मी पोस्टमास्तरची मुलगी. एवढं ऐकून लोकांच्या डोळ्यांसमोर मुंबईचं जीपीओ येतं, जॉन बेगनं विजापूरच्या गोलघुमटाकडे बघून बांधलेलं, १९१३ साली पुरं झालेलं, आत शिरलं की मान मागे टाकून घुमट बघायला लावणारं. माझे वडील तसले पोस्टमास्तर नव्हते. गुहागर तालुक्यातल्या आमच्या खेड्यात ब्रँच पोस्ट होतं आणि ते आमच्या पडवीत होतं. एक टेबल, एक लाकडी पेटी, पितळी तराजू, लाखेच्या कांड्या, मेणबत्ती, शाईची गादी आणि तारखेचा शिक्का. पडवीच्या खांबाला लाल पोस्टपेटी. त्या वेळी अशा पोस्टमास्तरांना ‘ईडी’ म्हणत, एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, म्हणजे खात्याबाहेरचे. आता त्यांना ग्रामीण डाक सेवक म्हणतात. नाव सुधारलं, हे चांगलंच झालं.

सकाळी रनर थैली घेऊन यायचा. थैलीच्या तोंडावरची लाखेची मोहोर वडील आधी उजेडात धरून बघत आणि मगच सुतळी कापत. मोहोर तुटलेली असेल तर थैली उघडायची नाही, हा घरातला पहिला कायदा. मग आतली चिठ्ठी वाचून कागद मोजायचे, पत्रांच्या पाठीवर पोचीचा शिक्का मारायचा आणि नावं पुकारायची. सारं गाव मुंबईच्या मनीऑर्डरवर जगत होतं, त्यामुळे महिन्याच्या दहा-बारा तारखेला पडवीत पाय ठेवायला जागा नसे. माझ्याकडे एकच काम होतं, पण मानाचं. शिक्क्यातले तारखेचे बारीक खिळे चिमट्यानं काढायचे आणि नव्या दिवसाचे बसवायचे. एकदा मी ३१ऐवजी १३ लावलं. वीसेक पत्रांवर ते उमटल्यावर वडिलांच्या लक्षात आलं. त्यांनी मला मारलं नाही. खात्याला कळवलं मात्र, लेखी, आणि ते पत्र माझ्याकडूनच लिहून घेतलं.

ही सगळी पाल्हाळ एवढ्यासाठी, की काही वर्षांपूर्वी जूनमध्ये आमचा बारा जणांचा ग्रुप स्पितीच्या मुख्य गावाहून, काझाहून, लांग्झा, हिक्किम, कोमिक असा फिरत होता. डोकं ठणकत होतं, चार पावलं चाललं की थांबावं लागत होतं. साडेचौदा हजार फूट म्हणजे काय हे नकाशात कळत नाही, छातीत कळतं. बाकीचे हिक्किमचं ‘जगातलं सगळ्यात उंच पोस्ट ऑफिस’ बघायला निघाले होते. मीही तेवढ्यासाठीच निघाले होते. पांढऱ्या रंगाचं, मातीच्या जाड भिंतींचं, सपाट छपराचं एक घर. बाहेर पोस्टपेटी. दारातून वाकून आत शिरले आणि जागच्या जागी थांबले. ठक-ठप, ठक-ठप. आधी गादीवर, मग कागदावर. डोळे मिटले असते तर मी आमच्या पडवीत होते.

हे जगातलं सगळ्यात उंच पोस्ट आहे की नाही, यावर वाद घालणारे घालोत. एव्हरेस्टच्या पायथ्याशी चीनच्या बाजूलाही तसा दावा सांगतात. मला त्या मापात रस नाही. मला तिथे दिसलं ते असं, की बाराही महिने माणसं राहणाऱ्या, हिवाळ्यात बर्फानं महिनोन् महिने तुटणाऱ्या एका खेड्यात १९८३पासून टपालाचं काम एका घरातल्या एका खोलीतून चाललं आहे. तिथून थैली पायवाटेनं काझाला उतरते, काझाहून बसनं रेकाँग पिओ, तिथून शिमला, मग कालका आणि पुढे दिल्ली. काझा ते शिमला रस्ता चारशे किलोमीटरच्या वर आहे, आणि पावसाळ्यात तो कुठे खचेल याचा नेम नाही. मी तिथून स्वतःलाच टाकलेलं कार्ड अठ्ठाविसाव्या दिवशी घरी आलं. कोपरा दुमडला होता, शिक्का ठसठशीत होता.

आता मुद्द्याकडे येते.

शाखा डाकघराला, म्हणजे ब्रँच पोस्टाला, सहसा सरकारी इमारत नसते. हे आपल्याला मी सांगायला नको, पण वाचकांपैकी बहुतेकांना हे ठाऊक नाही. कुठल्याही जिल्ह्यातल्या ब्रँच पोस्टात जाऊन बघा. जागा पोस्टमास्तरनं द्यायची असते, नेमणूक होताना तशी अटच असते. तो आपल्या घराची खोली देतो, किंवा गावात एखादी मिळवतो. देशात सुमारे १ लाख ६५ हजार पोस्ट ऑफिसं आहेत, त्यांतली दहात नऊ खेड्यांत, आणि खेड्यांतली बहुतेक अशीच कुणाच्या तरी पडवीत, ओटीवर, ओसरीत. जगातलं सर्वांत मोठं म्हणून ज्या टपाल-जाळ्याचं आपण कौतुक करतो, ते जाळं उभं आहे लोकांनी वापरायला दिलेल्या खोल्यांवर.

या व्यवस्थेला एक सांधा आहे आणि तो नेहमी त्याच जागी निखळतो. पोस्टमास्तर ६५ वर्षांचा झाला की निवृत्त होतो. त्याच्या जागी नवा माणूस येतो, त्याचं घर वेगळं असतं, पोस्ट त्याच्या घरी जातं. आमच्याकडे तेच झालं. वडिलांनी काम सोडल्यावर पोस्ट खालच्या वाडीत गेलं. शिक्का, पेटी, तराजू, सगळं यादी करून, सही घेऊन गेलं. यात कुणाचा दोष नव्हता आणि गावाचं कामही अडलं नाही. पडवीत भिंतीवर दरपत्रक टांगायचे दोन खिळे उरले. जुन्या हिशेबाच्या वह्यांच्या काही घरगुती नकला माळ्यावर होत्या. मुंबईहून कोणाचे किती पैसे कधी आले, गिरण्यांच्या संपाच्या वर्षी ते कसे आटले, हे सगळं त्यांत होतं. त्या आम्हीच भंगारवाल्याला दिल्या. त्या वेळी कुणालाच तसं काही वाटलं नाही. मला आता वाटतं, आणि आता उपयोग नाही.

हिक्किमला १९८३ साली ऐन विशीत नेमलेला माणूस आज साठीपार आहे. म्हणजे तो सांधा तिथे निखळायची वेळ आली आहे. नवा पोस्टमास्तर नेमाल तेव्हा त्याला आपण नेहमीचीच अट घालणार, की जागा दाखव. तो आपली खोली दाखवेल. कदाचित ती नवी, सिमेंटची, पत्र्याची असेल. कदाचित गावाच्या दुसऱ्या टोकाला असेल. फायलीच्या भाषेत याला स्थलांतर म्हणायचं, आणि अर्ध्या पानात ते उरकेल.

त्या खोलीला वाचवणारा कायदा शोधायला गेलं तर सापडत नाही. पुरातत्त्व खात्याच्या कायद्याला वास्तू निदान शंभर वर्षांची लागते. ही खोली पोस्ट म्हणून जेमतेम चाळिशी ओलांडलेली. आपल्या खात्याकडे वारसा इमारतींचं कौतुक आहे, नाही असं नाही. शिमल्यात मॉलवर स्कँडल पॉइंटला आपलं स्वतःचं जीपीओ आहे, लाकडी चौकटींचं, एकोणिसाव्या शतकातलं, आणि लोक ते बघायला थांबतात. पण ते खात्याच्या मालकीचं आहे. त्याचं छप्पर गळलं तर अंदाजपत्रक निघतं. हिक्किमची खोली खात्याची नाही, राज्याची नाही, कुठल्या ट्रस्टचीही नाही. ती एका कुटुंबाची आहे. वारसा या शब्दाच्या कुठल्याच सरकारी व्याख्येत ती बसत नाही, आणि तरी आपल्या खात्याच्या साऱ्या हिमाचलात परदेशी माणूस मुद्दाम वाट वाकडी करून ज्या पोस्टात जातो ते हेच.

हिक्किम एकटं नाही. काश्मीरमध्ये कुपवाडा जिल्ह्यात केरनला किशनगंगेच्या काठी पोस्ट आहे. नदीच्या पलीकडच्या घरांतली माणसं दिसतात, पण ती घरं नियंत्रणरेषेच्या पलीकडे. पूर्वी त्याला देशातलं शेवटचं पोस्ट म्हणत. आता पाटी बदलून ‘पहिलं’ झालं आहे. तेही पोस्ट १९९३च्या पुरानंतर पोस्टमास्तरच्या घरातूनच चालत आल्याचं वर्तमानपत्रांत वाचलं. केरन आपल्या परिमंडळात येत नाही, म्हणून प्रत दिल्लीला. पण प्रश्न एकच आहे. पाटीवर ‘शेवटचं’ पुसून ‘पहिलं’ लिहायला रंगाचा एक डबा पुरतो. पाटीमागच्या भिंतीला काय लागतं ते कोणी विचारलेलं दिसत नाही.

बरं, ही भिंत कशाची आहे तेही बघू. स्पितीतली घरं मातीची. उन्हात वाळवलेल्या विटांच्या नाहीतर ठोकून बसवलेल्या मातीच्या हातभर जाड भिंती, वर पॉपलर-विलोच्या काठ्या, त्यावर झाडझाडोरा, त्यावर पुन्हा माती. बाहेर उणे वीस असताना आत माणूस जगू शकतो तो या जाडीमुळे. ‘मातीचं म्हणजे कच्चं’ ही आपली मैदानातली समजूत. काझापासून खाली उतरत गेलं की ताबोचा मठ लागतो. तो इसवी सन ९९६चा. मातीचाच. आतल्या भिंतींवरची चित्रं अजून शाबूत. आपल्याकडे त्या सुमाराला शिलाहार राज्य करत होते. तेव्हा मातीची भिंत टिकत नाही, असं ज्या अभियंत्याला वाटतं त्याला एकदा ताबोला पाठवावं. हे मी रागानं म्हणत नाही. जाऊन आला की त्याचं मत बदलेल.

मातीला खरा धोका पाण्याचा. स्पितीत पाऊस जवळपास पडतच नसे, म्हणून सपाट छपरं. आता अधूनमधून पडतो, कधी कधी भलताच पडतो, आणि मग छप्पर गळतं. लोक पत्रे घालतात, सिमेंटचा गिलावा करतात. सिमेंट मातीला धरत नाही, आत ओल कोंडते, आणि भिंत आतून पोकळ व्हायला लागते. आमच्या कोकणात जांभ्याच्या भिंतींना सिमेंट थोपून लोकांनी हेच केलं, आणि आता पोपडे मोजत बसलेत. त्या खोलीची डागडुजी करायची वेळ आली तर ती तिथल्या गवंड्याच्या हातून, तिथल्या मातीत व्हावी. एवढी एक ओळ आपल्या आदेशात असली तरी पुरे.

अलीकडे हिक्किममध्ये लाल पोस्टपेटीच्या आकाराची एक इमारतच उभी राहिली आहे. फोटो पाहिले. लहान मुलांना आवडेल अशी आहे, आणि मोठी माणसंही तिच्यापुढे उभी राहून हसतात. मला ती आवडली नाही, पण आवडीनिवडीवर खातं चालत नाही. पर्यटकांची झुंबड त्या घरातून बाहेर काढायला ती उपयोगी पडत असेल तर उत्तमच. कारण दुसरी बाजूही बघायला हवी. ते घर आहे. शेजारच्या खोलीत चूल आहे, म्हातारी माणसं आहेत, मुलं अभ्यास करतात. दिवसाला शे-दोनशे माणसं बूट वाजवत दारात येणं, खिडकीतून कॅमेरे खुपसणं, हे त्या कुटुंबानं किती वर्षं सोसायचं? मी रांगेत उभी होते तेव्हा पुढे ठाण्याची चार मुलं होती. त्यांतला एक म्हणाला, ‘काकू, शिक्का मारताना रील घेऊ द्या ना, तुम्ही जरा बाजूला.’ मी झाले बाजूला. पोस्टमास्तरांशी दोन शब्द बोलायचे होते, ते राहिले. बोलणार तरी काय होते म्हणा! माझे वडीलही हेच करत, एवढंच.

माझी भीती लाल इमारतीची नाही. भीती ही, की तिच्यामुळे फाइलीत लिहिलं जाईल: ‘डाकघरासाठी नवी वास्तू उपलब्ध, जुन्या जागेची आवश्यकता नाही.’ मग दुकान तिथे, शिक्का तिथे, आणि खोली रिकामी. रिकामं मातीचं घर दोन हिवाळे काढतं. तिसऱ्या हिवाळ्यात छपरावरचा बर्फ लोटायला कुणी नसलं की ते बसतं.

यावर कुणी म्हणेल, पोस्ट म्हणजे शिक्का, इमारतीचं काय एवढं? या म्हणण्यात तथ्य आहे, आणि त्याचा सगळ्यात चांगला दाखला खुद्द आपल्याच खात्यानं दिला आहे. १९८४ साली अंटार्क्टिकात दक्षिण गंगोत्री तळावर भारताचं पोस्ट उघडलं, आणि ते होतं कुणाच्या अखत्यारीत, तर गोवा विभागाच्या! तळ बर्फाखाली गाडला गेला. पोस्ट मैत्री तळावर गेलं, तिथे १९९०च्या २६ जानेवारीला सुरू झालं. २०२४च्या एप्रिलमध्ये भारती तळावरही शाखा निघाली. इमारत गिळली गेली तरी पोस्ट चालू राहिलं. याच्या उलट धनुष्कोडी. १९६४च्या डिसेंबरातल्या वादळानंतर तिथल्या पोस्टाच्या भिंती अजून वाळूत उभ्या आहेत, लोक तिथेही फोटो काढतात, पण तिथे पत्र टाकता येत नाही. या दोहोंतून एक निवडायची वेळ आली तर मी शिक्काच निवडीन. माझं म्हणणं इतकंच, की हिक्किमला तशी वेळ आलेली नाही. तिथे बर्फानं काही गिळलेलं नाही, वादळ झालेलं नाही. फक्त एक माणूस निवृत्त होणार आहे.

आणि खोलीचा शिक्क्याशी संबंध नाही असंही नाही. चाळीस वर्षं गावातल्या बायका बचत खात्याचं पासबुक घेऊन त्या दारात आल्या आहेत. म्हाताऱ्यांची पेन्शन त्या टेबलावर मोजली गेली आहे. गावाबाहेर शिकायला गेलेल्या मुलांची पत्रं तिथे पोचली आहेत. पर्यटक आले ते फार नंतर. आज खात्याच्या हातातल्या यंत्रावर ते पासबुक चालतं, आणि चालावं. पण आपण त्या पोस्टाची जाहिरात करता तेव्हा उंचीचा आकडा छापता. गावातल्या किती जणांचं पहिलं खातं त्या खोलीत उघडलं, हे कुठेच छापलेलं नाही. उंची काय, डोंगराची आहे. खात्याची कमाई ती दुसरी.

म्हणून माझी मागणी ऐका. फार नाही.

ती खोली खात्यानं भाड्यानं घ्यावी. पोस्टमास्तर बदलला तरी पोस्ट तिथेच राहील, आणि नव्या माणसाला स्वतःची जागा दाखवण्याची अट या एका ठिकाणी लागू नसेल, असा आदेश काढावा. शाखा डाकघराच्या जागेसाठी आज जे किरकोळ पैसे मिळतात त्यावर कुठलंही कुटुंब आपली खोली राखून ठेवणार नाही, तेव्हा भाडं खरोखरचं भाडं असावं. काझात एका रात्रीला हॉटेलवाले काय घेतात ते आपल्याला माहीत आहे. आणि कुटुंबाला नको असेल तर? मग विषय संपला. घर त्यांचं आहे. जबरदस्तीनं जपलेलं घर मला बघायचं नाही. पण त्यांना आधी विचारा तरी. आणि विचारायला कुणाला कागद घेऊन पाठवू नका. रामपूर विभागाच्या अधीक्षकांनी स्वतः जावं, चहा प्यावा, आणि त्या घरातल्या बाईलाही विचारावं. पोस्ट घरात असलं की त्याचा केर कोण काढतं, हे मला माहीत आहे.

दुसरं, किन्नौर, लाहौल आणि स्पितीतल्या प्रत्येक शाखा डाकघराची एक नोंदवही करावी. किती सालचं, आजवर कुठकुठल्या घरांत फिरलं, कोणी चालवलं, पिशवी कुठल्या वाटेनं जाते, हिवाळ्यात काय होतं. प्रत्येक शिक्क्याचा एक ठसा त्यात असावा. यासाठी समिती नको, सल्लागार तर मुळीच नको. टपालाची पाहणी करणारे मेल ओव्हरसियर वर्षानुवर्षं या वाटा चालले आहेत. त्यांना एक वही आणि एक उन्हाळा द्या. दोन पिढ्यांपूर्वीचे रनर अजून काही गावांत हयात असतील. पाच वर्षांनी नसतील.

तिसरं शिक्क्यांबद्दल. बंद झालेल्या किंवा हलवलेल्या पोस्टाचा जुना धातूचा शिक्का मोडीत निघू नये. तो परिमंडळात एका पेटीत, नाव लिहून ठेवावा. आमच्या गावच्या शिक्क्याचं काय झालं, कोण जाणे. मी चौकशी केली नाही, हे खरं.

तोट्याचं गणित मला कळतं. कुठल्या सालापासून खातं तुटीत आहे याची चर्चा मी वडिलांच्या तोंडून ऐकत मोठी झाले. तार २०१३च्या जुलैत बंद झाली तेव्हा रडणाऱ्यांतली मी नव्हते. तार म्हणजे आमच्या गावात वाईट बातमी, ती गेली तर गेली. १८९८चा पोस्ट ऑफिस कायदा जाऊन २०२३चा नवा आला, त्यालाही माझी हरकत नाही. जुनं म्हणून सगळंच कवटाळा, असं मी सांगत नाही. पण जी सेवा माणूस पैसे देऊन, डोकं ठणकत असताना, साडेचौदा हजार फुटांवर चढून जाऊन विकत घेतो, तिच्या जागेवर खर्च करणं हा तोट्यातला सौदा कसा?

एक सांगायचं राहिलं. त्या कार्डावर मी पिन कोड लिहिला तेव्हा एक गंमत सुचली. १५ ऑगस्ट १९७२ला देशात पिन कोड सुरू झाला, आणि तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. पहिला आकडा विभागाचा, पहिले दोन आकडे परिमंडळाचे, शेवटचे तीन पोस्टाचे, आणि नवव्या विभागात फौज. एकाच नावाची अनेक गावं, अनेक लिप्या, अडाणी हस्ताक्षरं, या सगळ्यातून पत्र पोचावं म्हणून त्यांनी केलेली ही मांडणी. तिच्यात हिक्किम येतं १७२११४ला, म्हणजे काझाच्याच आकड्यात. हिक्किमला स्वतःचा आकडा नाही. असा एखादा आकडा मागावा, असंही मनात आलं होतं, पण ते उगाच. वाटपाचं पोस्ट काझा आहे, आकडा काझाचाच असणार. आमच्या खेड्यालाही स्वतःचा आकडा नव्हता. वडील म्हणायचे, आकडा मोठ्या गावाचा, पायपीट आपली.

आपलं उत्तर आलं तर इथे वाचकांना कळवीन. लांबलचक नको, पोस्टकार्डावर चालेल, पन्नास पैशांत होतं. खोली घेणार की नाही, एवढं एका ओळीत लिहा, आणि जमलं तर ते कार्ड शिमल्यातून न टाकता हिक्किमच्या पेटीत टाकायला सांगा. महिना लागला तरी मी थांबेन.

कळावे,

आपली,
एका ब्रँच पोस्टमास्तरची मुलगी
तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी